कोणतीही खिडकी, कोणतीही गाडी

नोएडातल्या आमच्या कंपनीत दर मार्चला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात रकाना असतो: ‘प्रोजेक्टमधलं नावीन्य, 1 ते 10.’ पुढच्या वर्षी कोणत्या टीमला माणसं मिळणार, हे त्या आकड्यावर ठरतं. मी बहुतेक वेळा 7 लिहितो. का, ते मला सांगता येत नाही. म्हणून आज जवळच्याच एका गोष्टीकडे वळू, नवी दिल्लीच्या रेल्वे आरक्षणाकडे.

आधी आरक्षण म्हणजे जाड रजिस्टर आणि गाडीगणिक वेगळी खिडकी. पुण्याला जायचं तर झेलमच्याच रांगेत उभं राहायचं, शेजारची खिडकी रिकामी असली तरी. 1985 मध्ये सीएमसी या सरकारी कंपनीची ‘इम्प्रेस’ प्रणाली इथे सुरू झाली. आता खिडकी कोणतीही, गाडी कोणतीही.

यातलं नावीन्य मोजायचं कसं? प्रोग्रामच्या ओळी मोजाव्यात, तर नियम नेटका सुचला की ओळी उलट कमी होतात. आयबीएमच्या अ‍ॅलन अल्ब्रेक्टने 1979 मध्ये ‘फंक्शन पॉइंट’ मांडले: माहिती किती प्रकारे आत येते, बाहेर जाते, फाइली किती. उपयोगी आहे, पण त्यातून कळतो तो आकार. पेटंट मोजावीत, तर आपला कायदा निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट देत नाही. निर्यात बघावी, तर इथे ग्राहक आपलीच रेल्वे!

कोणी म्हणेल, अमेरिकेत विमानांसाठी ‘सेबर’ 60च्या दशकातच होतं, मग यात नवं काय? पण आपल्याकडे एकच बर्थ भोपाळपर्यंत एकाला, पुढे दुसऱ्याला. मधल्या स्टेशनांचे कोटे, महिला कोटा, सवलती, आरएसी, वेटिंग लिस्ट. हे सारं कारकुनांच्या डोक्यात आणि रजिस्टरांत विखुरलेलं होतं. ते यंत्राला समजेल असं मांडणं, माझ्या मते खरं काम ते. त्याला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

आणि मोजायचं कधी? दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाच केंद्रं एकमेकांना जोडली गेली 1999 मध्ये, रेल्वेच्याच ‘क्रिस’ संस्थेच्या ‘कॉन्सर्ट’मुळे. परतीच्या आरक्षणासाठी एके काळी तार करावी लागे, ते आता घरच्या शहरात होऊ लागलं. 1985 च्या मार्चमधल्या फॉर्मवर हे कोण लिहिणार होतं?

यंदा मी त्या रकान्यात आकड्याऐवजी लिहिलं, कोणता नियम सोपा झाला ते. मॅनेजरचा फोन आला: तिथे अक्षरं चालत नाहीत.