१४. मेंढ्याची सभा

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंडांचे छोटे गाव आहे; शेजारच्या लेखा गावामुळे ते 'मेंढा (लेखा)' म्हणून ओळखले जाते. लेखक येथे 'सभा' म्हणतो ती ग्रामपंचायत नव्हे, तर गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांची ग्रामसभा. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिचीच. येथे बहुमताने निर्णय होत नाहीत. एकाचाही विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. अवघड मुद्दा आधी अभ्यासगटात समजून घेतला जातो. बाहेरचा जाणकार तेथे माहिती देऊ शकतो, निर्णय मात्र गावाचा. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांतला हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर लेखकाने पुढे केलेली सर्वसहमती आणि बहुमत यांची तुलना हातून निसटते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. तोवर हक्क गावाचा आणि बांबू बाहेर नेण्याची मुभा वनखात्याकडे, अशी स्थिती होती. लेखकाचा 'अर्धा अधिकार' तो हाच.