मधाची दारू: जुनी हकिगत, आजचा धडा



डब्यातला मध फसफसला, वर फेस आला, आंबूस वास सुटला, असा अनुभव मधपेट्या ठेवणाऱ्या कित्येकांना आला असेल. आपण म्हणतो, मध बिघडला. पण जगातली एक फार जुनी दारू माणसाला अशीच गवसली असावी.

पिकलेला मध वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्यात साखर भरपूर आणि पाणी कमी. पाणी वाढलं की त्यातलं यीस्ट जागं होतं आणि साखरेची दारू करतं.

चीनच्या हेनान प्रांतात जियाहू येथे इ. स. पूर्व 7000 च्या सुमाराची मडकी सापडली. त्यांच्या आतला थर शास्त्रज्ञांनी तपासला. तांदूळ, मध आणि फळं एकत्र आंबवल्याच्या खुणा त्यात मिळाल्या, असं 2004 साली प्रसिद्ध झालं.

इथिओपियात या दारूला ‘तेज’ म्हणतात. मध-पाण्यात गेशो नावाच्या झुडपाची पानं नि काड्या घालतात. त्यानं कडवट चव येते.

पोलंडमध्ये प्रकार ठरतात ते पाण्याच्या मापावर. एक माप मधाला अर्धं माप पाणी, तो ‘पुव्तोराक’. एक माप पाणी, तो ‘द्वुयन्याक’. दोन मापं, तो ‘त्रुयन्याक’ आणि तीन मापं, तो ‘च्वुर्न्याक’. मध जितका जास्त, तितकं मुरणं लांबतं. च्वुर्न्याकला नऊ महिने पुरतात, पुव्तोराकला निदान नऊ वर्षं लागतात! नावांत आपले द्वि, त्रि ऐकू येतात ना? तिकडचा ‘म्यूद’ म्हणजे मध, हाही संस्कृत ‘मधु’चाच भाऊबंद.

आपल्याकडे पुणे भागात 2018 मध्ये असा परवानाधारक कारखाना निघाला. मात्र घरी हा उद्योग करू नका. परवान्याशिवाय दारू करणं 1949 च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे.

आता आपल्या कामाचं. ते लोक पाणी मापून घालतात; आपल्या डब्यात ते नकळत शिरतं. मधात पाणी 20 टक्क्यांच्या वर गेलं की तो आंबण्याचा धोका वाढतो. म्हणून :

1) चौकटीतली निदान पाऊण घरं माश्यांनी मेणानं बंद केल्याशिवाय मध काढू नका.
2) मधयंत्र, गाळणी, डबे कोरडे ठणठणीत असू द्या.
3) झाकण घट्ट लावा. पावसाळ्यात उघडा मध हवेतली ओल ओढून घेतो.

एवढं सांभाळलं तर वर्षाची मेहनत फेसात जाणार नाही.