ना-नफा वृत्तमाध्यमांच्या संघटना

नफा न वाटणाऱ्या आणि संपादकीय स्वातंत्र्य जपणाऱ्या वृत्तमाध्यमांनी परस्पर सहकार्यासाठी स्थापन केलेल्या सदस्य-संघटना.

इतिहास

'ग्लोबल इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम नेटवर्क' ही जागतिक संघटना २००३ साली कोपनहेगन येथे स्थापन झाली. जुलै २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पोकँटिको येथील जाहीरनाम्यातून अमेरिकेतील संघटना उभी राहिली. २०१५ पासून ती 'इन्स्टिट्यूट फॉर नॉनप्रॉफिट न्यूज' या नावाने ओळखली जाते.

सदस्यत्व

सदस्यत्व व्यक्तीला नव्हे, संस्थेला मिळते. अमेरिकी संघटनेत ना-नफा दर्जा, संपादकीय स्वातंत्र्य व आर्थिक पारदर्शकता या प्रमुख अटी आहेत. वर्षाला ५,००० डॉलर वा अधिक देणाऱ्या देणगीदारांची नावे सदस्याला जाहीर करावी लागतात.

भारतातील स्थिती

भारतात असे माध्यम कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली किंवा सार्वजनिक न्यास म्हणून चालविता येते. धाराशिव जिल्ह्यातील न्यासाची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे होते. मात्र विदेशी अभिदाय (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्रांचे मालक, संपादक व वार्ताहर, तसेच इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दृक्-श्राव्य बातम्या देणाऱ्या संस्था यांना विदेशी देणगी स्वीकारता येत नाही. त्यामुळे जागतिक संघटनेच्या सदस्यत्वातून प्रशिक्षण व सहकार्य लाभले, तरी अशा माध्यमांना निधी देशातूनच उभारावा लागतो.

पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेले, काउंटरमीडिया ट्रस्टचे 'पारी' हे ना-नफा माध्यम मराठीतही प्रकाशित होते. धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील वार्तांकनही त्यात आले आहे.