बर्ड प्रकार (पोकेमॉन)

बर्ड प्रकार : ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘पोकेमॉन ब्लू’ या गेम बॉयवरील खेळांच्या आत राहून गेलेला, पण अधिकृत पंधरा प्रकारांच्या यादीत नसलेला प्राणीप्रकार. सरळ खेळणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. ‘मिसिंगनो’ आणि ‘एम’ हे बिघाडातून उपजलेले प्राणी पकडले आणि त्यांचे माहितीपान उघडले, तर तेथे ‘बर्ड’ आणि ‘नॉर्मल’ अशी दोन नावे छापलेली आढळतात. हा प्रकार निर्मात्यांनी मुद्दाम दडवून ठेवला अशी समजूत रूढ आहे. तिच्यातला अर्धा भाग खरा आहे. ‘बर्ड’ हे नाव निर्मात्यांनीच लिहिले होते, मात्र ते मिसिंगनोला चिकटले ते निव्वळ अपघाताने.

सातोशी ताजिरी यांच्या गेम फ्रीक या संस्थेने हा खेळ घडवला. जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या आवृत्त्या २७ फेब्रुवारी १९९६ रोजी विक्रीस आल्या. अमेरिकेत ‘रेड’ आणि ‘ब्लू’ २८ सप्टेंबर १९९८ रोजी आल्या. पुढील विवेचन या इंग्रजी आवृत्त्यांना धरून आहे.

खेळाला प्रकारांची नावे कळत नाहीत, त्याला फक्त क्रमांक कळतात. नॉर्मल ०, फायटिंग १, फ्लाइंग २, पॉयझन ३, ग्राउंड ४, रॉक ५, बग ७, घोस्ट ८. त्यानंतर एकदम २०वर फायर, आणि तेथून वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, सायकिक, आइस असे करत २६वर ड्रॅगन. मधली उडी हेतुपुरस्सर आहे. या पहिल्या पिढीच्या खेळांत हल्ला अंगबळाचा की विशेष शक्तीचा हे हल्ल्याच्या प्रकारावरून ठरते, आणि खेळ त्यासाठी क्रमांक २०च्या खाली आहे की नाही एवढेच पाहतो. ९ ते १९ या रिकाम्या क्रमांकांपुढे नावाच्या रकान्यात ‘नॉर्मल’च घातलेले आहे. क्रमांक ६ मात्र रिकामा नाही. तेथे ‘बर्ड’ हे नाव नीट लिहिलेले आहे. फ्लाइंग हा प्रकार २ क्रमांकावर असताना हे दुसरे पक्ष्यांचे खाते कशाला, याचा सर्वमान्य तर्क असा की घडणीच्या काळात पक्ष्यांचा वेगळा प्रकार योजला होता आणि नंतर तो सोडून दिला. नाव पुसायचे राहिले. अशी शिल्लक या खेळात जागोजागी सापडते. प्राण्यांच्या अंतर्गत यादीत १९० जागा आहेत, प्राणी १५१च. उरलेल्या ३९ जागांवर ‘मिसिंगनो’ हे नाव भरलेले आहे, म्हणजे ‘क्रमांक गहाळ’, आणि त्यांतल्या काहींचा आवाज अजून तसाच आहे.

लढाईत बर्ड प्रकार काहीच करत नाही. कोणता प्रकार कोणावर भारी, हे खेळात तीन-तीन आकड्यांच्या ओळींत नोंदलेले असते : हल्ला करणारा, झेलणारा आणि परिणाम. परिणामाच्या जागी २० असेल तर दुप्पट, ५ असेल तर निम्मा, ० असेल तर शून्य. ज्या जोडीची ओळच नाही, तिथे परिणाम नेहमीसारखा. बर्डची एकही ओळ नाही आणि बर्ड प्रकाराचा एकही हल्ला नाही. त्यामुळे बर्ड-नॉर्मल असा मिसिंगनो लढताना निव्वळ नॉर्मलसारखा वागतो : फायटिंगचा मार त्याला दुप्पट लागतो, घोस्टचा अजिबात लागत नाही. याच तक्त्यात निर्मात्यांची एक गाजलेली चूकही आहे. घोस्ट विरुद्ध सायकिक या ओळीत शून्य पडला आहे; पुढच्या पिढीत तिथे दुप्पट करण्यात आले. ती एक ओळ या पिढीत सायकिक प्राणी जवळपास अजिंक्य ठरण्याच्या कारणांपैकी एक होती, आणि बर्डपेक्षा तिने खेळाचे कितीतरी जास्त नुकसान केले.

मग मिसिंगनोला ६ हा क्रमांक मिळाला कुठून? हा या नोंदीतला खरा गमतीचा भाग. प्रत्येक प्राण्याची मूळ माहिती २८ बाइटांच्या कप्प्यात असते आणि कप्पे पोकेडेक्स (प्राण्यांची नोंदवही) क्रमांकाप्रमाणे लागलेले असतात. पहिला कप्पा शून्य अंतरावर असल्याने खेळ क्रमांकातून १ वजा करून कप्पा शोधतो. मिसिंगनोचा पोकेडेक्स क्रमांक ०. शून्यातून एक वजा केले की एका बाइटात उणे एक मावत नाही, उत्तर येते २५५. खेळ निमूटपणे २५५ कप्पे ओलांडून, म्हणजे ७,१४० बाइट पुढे जाऊन वाचू लागतो. तेथे प्राण्यांची माहिती नाहीच. तेथे खेळातल्या सायकल रोडवरच्या बायकर मंडळींच्या संघांची यादी आहे.

ती यादी अशी : पातळी ३३, मक, शेवट. पातळी २९, व्होल्टॉर्ब, व्होल्टॉर्ब, शेवट. पातळी २९, वीझिंग, मक, शेवट. आकड्यांत हेच ३३, १३६, ०. २९, ६, ६, ०. २९, १४३, १३६, ०. आता हेच आकडे प्राण्याची माहिती समजून वाचले, तर जीवनशक्ती ३३, हल्ला १३६, बचाव ०, वेग २९, विशेष शक्ती ६, पहिला प्रकार ६, दुसरा प्रकार ०, पकडण्याची सुलभता २९, अनुभवगुण १४३. मिसिंगनोचे नोंदवलेले गुण तंतोतंत हेच आहेत. त्याचा बचाव शून्य असण्याचे कारण एवढेच की तेथे एका बायकरचा संघ संपतो. त्याला सुरुवातीलाच ‘वॉटर गन’ हा हल्ला दोनदा आणि ‘स्काय अटॅक’ एकदा येतो, तेही पुढच्या एका बायकरच्या संघाच्या शेवटी दोन कॉफिंग आणि एक वीझिंग आहेत म्हणून. आणि तो ‘पक्षी’ आहे तो व्होल्टॉर्बचा अंतर्गत क्रमांक ६ असल्यामुळे. सोडून दिलेला प्रकार आणि पोकेबॉलसारखा दिसणारा, स्फोट करणारा एक प्राणी यांचा क्रमांक एकच निघाला, एवढाच योगायोग. दुसऱ्या व्होल्टॉर्बच्या जागी बायकरकडे रायहॉर्न असता तर आज कोणी पक्षीप्रकाराबद्दल बोललेही नसते.

या प्राण्याला गाठण्याची प्रसिद्ध रीत ‘म्हाताऱ्याची युक्ती’ म्हणून ओळखली जाते. व्हिरिडियन शहरातला म्हातारा प्राणी पकडून दाखवतो. त्या वेळी पडद्यावर त्याचे नाव यावे म्हणून खेळ खेळाडूचे नाव तात्पुरते दुसरीकडे हलवतो आणि त्यासाठी गवतातल्या प्राण्यांच्या माहितीची जागा वापरतो. त्यानंतर वाटेत कुठेही न थांबता उडत सिनाबार बेटावर जायचे आणि पूर्व किनाऱ्याला लागून पोहायचे. त्या काठावरच्या चौकोनांत पाण्यातले नव्हे, गवतातले प्राणी निघतात. आणि सिनाबारला गवतच नसल्याने जुनी माहिती तशीच पडून असते. जुनी माहिती म्हणजे खेळाडूचे नाव. नावाचे दुसरे, चौथे व सहावे अक्षर पातळी ठरवते, तिसरे, पाचवे व सातवे प्राणी.

नाव सात अक्षरांपर्यंतच देता येते. रोमन मोठ्या लिपीतला ‘ए’ म्हणजे १२८ आणि तेथून क्रमाने पुढे. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणी गावच्या एखाद्याने ‘हिंगणी’ हेच नाव घेतले, तर रोमन स्पेलिंग बरोब्बर सात अक्षरांचे होते. तिसरे अक्षर एन म्हणजे १४१ (इलेक्ट्रोड), पाचवे ए म्हणजे १२८ (गोल्डक), सातवे आय म्हणजे १३६ (मक). तिन्ही प्राणी खरे, मिसिंगनो एकही नाही. फक्त पातळ्या १३६, १३४, १४१ अशा, नियमाने शंभराच्या वर कोणी जाऊ शकत नसताना. ‘वर्धा’ हे सहा अक्षरी नाव घेतले की चित्र पालटते. तिसरे आर म्हणजे १४५ (मॅरोवॅक), पाचवे एच म्हणजे १३५, आणि ती जागा रिकाम्या ३९पैकी एक : मिसिंगनो. सातव्या जागी नाव संपल्याची खूण असते, तिचा आकडा ८०, आणि तीही रिकामी जागाच. गावाला जे साधले नाही ते जिल्ह्याच्या ठिकाणाला साधते.

मिसिंगनो नुसता समोर आला तरी बॅगेतल्या सहाव्या वस्तूची संख्या १२८ने वाढते, आणि मुलांमध्ये त्याचा बोलबाला झाला तो यासाठी. येथेही पुन्हा तेच २५५. ‘हा प्राणी पाहिला’ अशी खूण करताना खेळ ० वजा १ करतो, १९ बाइटांची पोकेडेक्सची नोंद ओलांडून बॅगेच्या भागात शिरतो आणि सहाव्या वस्तूच्या संख्येतला सर्वांत मोठा बिट चालू करतो. तिथे मास्टर बॉल किंवा रेअर कँडी अशी दुर्मीळ वस्तू ठेवणे हे मग ओघाने आलेच. याची किंमतही असते : त्याचे मोडके चित्र उलगडताना विजेत्यांच्या दालनातली नोंद विस्कटते आणि इतर प्राण्यांची चित्रे काही काळ बिघडतात. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या ‘निन्टेन्डो पॉवर’ या मासिकाने १९९९ मध्ये खेळाडूंना यापासून सावध केले होते. जतन केलेला खेळ समूळ पुसला जातो ही भीती मात्र ‘रेड’-‘ब्लू’पुरती अतिरंजित होती. २००७ मध्ये विल्यम सिम्स बेनब्रिज आणि विल्मा अ‍ॅलिस बेनब्रिज यांनी सॉफ्टवेअरमधील चुकांच्या सर्जनशील वापरावर लेख लिहिला, तोवर या बिघाडाला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा आली होती.

‘एम’ हा प्राणी अंतर्गत क्रमांक ० वरचा. त्याचाही पोकेडेक्स क्रमांक शून्य, म्हणून त्याचेही प्रकार बर्ड आणि नॉर्मल. १९१ ते २५५ या क्रमांकांवरचे बिघाडप्राणी वेगळे. त्यांचा पोकेडेक्स क्रमांकच भलत्या ठिकाणाहून वाचला जातो आणि तो एखाद्या खऱ्या प्राण्याचा निघाला तर त्या प्राण्याचे प्रकार आयते मिळतात. प्रकाराचा आकडा २६च्या पुढचा आला, तर नावांचा तक्ताच संपलेला असल्याने प्रकाराच्या जागी अक्षरांचा कचरा छापला जातो. असल्या ‘प्रकारां’ना हौशी मंडळींनी याद्या करून नावे दिली आहेत. त्यांतले एकही कोणी लिहिलेले नव्हते, हे त्यांचे आणि बर्डचे मूळ अंतर.

महाराष्ट्रात हे सारे उशिरा आणि आडवाटेने पोहोचले. कार्टून नेटवर्कवर पोकेमॉनची मालिका २००३ मध्ये सुरू झाली. गेम बॉय मात्र फार थोड्या घरांत होते. इथल्या बऱ्याच मुलांनी ‘रेड’ खेळला तो संगणकावर, एम्युलेटरच्या साहाय्याने. एम्युलेटर मूळ बाइट जसेच्या तसे चालवतो, त्यामुळे बायकरची यादी तिथेही त्याच अंतरावर सापडते. टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर मारिओ खेळलेल्यांना याच जातीची दुसरी चूक ठाऊक असेल : ‘उणे एक’ जग. ते प्रत्यक्षात ३६वे जग. ३६व्या चिन्हाच्या जागी कोरा चौकोन असल्याने ‘उणे एक’ असे दिसते.

‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये (जपान, २१ नोव्हेंबर १९९९) डार्क व स्टील हे प्रकार आले, ‘कर्स’ या हल्ल्यासाठी प्रश्नचिन्हांचा वेगळा प्रकार आला, आणि बर्ड ६ क्रमांकावर तसाच राहिला, यावेळीही कोणाच्या उपयोगी न पडता. प्रश्नचिन्हांचा प्रकार पाचव्या पिढीत बंद झाला. बर्ड त्याआधीच गेला होता : नोव्हेंबर २००२ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’साठी यादी नव्याने लावण्यात आली आणि ६ हा क्रमांक बग प्रकाराला देण्यात आला. २७ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘रेड’ व ‘ब्लू’ निन्टेन्डो थ्री-डीएस या यंत्रावर पुन्हा विक्रीस आले, तेव्हा निर्मात्यांनी मिसिंगनोला हात लावला नाही. त्या प्रतींतही त्याच्या पानावर ‘बर्ड’ छापलेले मिळते.