ठिणगीची वेळ आणि हवेचें माप

फटफटीसारख्या गोंगाटी वाहनाचा इतिहास हा राजघराण्यांच्या किंवा लढायांच्या इतिहासाइतका भारदस्त विषय नव्हे, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल. परंतु यंत्रावरील दोन लहानशा योजनांमागें अर्ध्या शतकाचा खटाटोप आणि चार-पांच देशांची बुद्धि कशी उभी असते, हें पाहणेंही उद्बोधक आहे. जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीवर मालकाच्या हातीं मुख्यत्वें दोनच गोष्टी सोंपविलेल्या असतात. ठिणगी केव्हां पडावी हें ठरविणें ही एक. आणि गाडी उभी असतां इंजिन मंद पण अखंड चालावें म्हणून पेट्रोल व हवा यांचें प्रमाण जुळविणें ही दुसरी. या दोहोंचा इतिहास व त्यांतील मर्म मी आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

जर्मनींत ऑटो यानें १८७६ सालीं चार ठोक्यांचें इंजिन सिद्ध केलें. त्यांत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, दोनदां वर व दोनदां खालीं गेला म्हणजे एकदां स्फोट होई. स्कॉटलंडच्या ड्यूगल्ड क्लर्क यानें १८८१ सालीं दर फेऱ्याला स्फोट घडविणाऱ्या इंजिनाचें पेटंट घेतलें. पण नवें मिश्रण आंत ढकलण्यासाठीं त्यास निराळा पंप जोडावा लागला. १८९१ सालीं इंग्लंडांतील बाथ शहरीं जोसेफ डे यानें ही अडचण मोठ्या युक्तीनें दूर केली. दट्ट्याखालची क्रँकची बंद पेटीच त्यानें पंप म्हणून वापरली. त्याच्या कारखान्यांतील फ्रेडरिक कॉक यानें पुढें सुधारणा करून आंत येण्याची व बाहेर जाण्याची सर्व द्वारें दट्ट्याकडूनच उघडविलीं व मिटविलीं. झडपा गेल्या आणि त्या हलविणारा पसाराही गेला. १९०८ सालीं यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यानें असें इंजिन मोटारसायकलीवर बसविलें, आणि १९१२ व १९१३ या दोन्ही वर्षीं आइल ऑफ मॅनची मोठी शर्यत त्याच्या गाड्यांनीं जिंकली.

यंत्र असें सोपें झालें. परंतु त्यास पेटवावयाचें केव्हां, हा प्रश्न सोपा नव्हता. प्रारंभीं डाइमलरच्या इंजिनांत सिलिंडरला जोडलेली एक नळी बाहेरून ज्योतीनें लाल तापवीत, आणि दाबलेलें मिश्रण तीत शिरलें कीं पेट घेई. वेळेवर माणसाचा ताबा मुळींच नव्हता. रॉबर्ट बॉश यानें १८८७ सालीं विजेची ठिणगी देणारा मॅग्नेटो बनविला, आणि १९०२ सालीं त्याच्या पदरच्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरनें उच्च दाबाचा मॅग्नेटो व प्लग तयार केला. अशा विजेच्या ठिणगीस वेळ लावून देतां येई. पेट्रोलची कथाही अशीच. आधीं पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा खेळवून वाफ घेत. १८९३ सालीं विल्हेल्म मायबाख यानें बारीक तोंडांतून फवारा उडविण्याची रीत काढली. पुढील बहुतेक सर्व कार्ब्युरेटर याच रीतीचे वंशज होत.

टू-स्ट्रोकला सामान्य माणसाच्या दारीं नेण्याचें श्रेय मात्र सॅक्सनींतील च्योपाउ गांवच्या डी.के.डब्ल्यू. या कारखान्याकडे जातें. तोंपर्यंत दट्ट्याच्या माथ्यावर एक उंचवटा असे. नवें मिश्रण त्यावर आपटून वर वळे. हा उंचवटा फार तापे व अवेळीं पेट घेण्याचें भय राही. जर्मनींतील अडॉल्फ श्नुर्ले यानें १९२५ च्या सुमारास द्वारांची दिशाच अशी तिरकी ठेविली कीं दट्ट्या सपाट राहूनही मिश्रण सिलिंडरमध्यें आपोआप वळसा घेई. याच योजनेवर हेर्मान वेबर यानें १९३९ सालीं आर.टी. १२५ ही छोटी गाडी निर्मिली. युद्ध संपलें आणि जेत्यांनीं तिचे नकाशे वांटून घेतले. वेबर १९४८ सालीं सोव्हिएत रशियांत मरण पावला. आणि त्याच वर्षीं त्याचीच गाडी, आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें डावी-उजवी बदलून, बी.एस.ए. बँटम या नांवानें इंग्लंडच्या बाजारांत आली. अमेरिकेंत हार्ले-डेव्हिडसननें, रशियांत मॉस्क्वानें व १९५५ सालीं जपानांत यामाहानें तीच आकृति गिरविली. गाडी जगभर झाली, कर्त्याचें नांव मात्र मागें राहिलें.

आपल्या देशांत हें इंजिन घराघरांत आलें तें प्रथम म्हैसूरच्या जावा गाडीच्या आणि पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज स्कूटरच्या रूपानें. म्हैसूरचा कारखाना १९६१ सालीं सुरू झाला. पुढें त्याच गाड्या येझदी या नांवानें १९९६ पर्यंत निघत राहिल्या. पेट्रोलपंपावर टू-टी तेलाचें माप मागून घेण्याची संवय पुष्कळ कुटुंबांस याच काळांत लागली.

आतां मर्माकडे वळूं. मिश्रण पेटलें तरी तें संपूर्ण जळण्यास थोडा अवधि लागतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाच्या हजाराव्या भागांत क्रँक १८ अंश पुढें जाते. म्हणून दट्ट्या माथ्यास पोंचण्याच्या किंचित् आधींच ठिणगी पडली पाहिजे. ती फार आधीं पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच स्फोटाचा तडाखा बसतो, इंजिन खडखडतें व दट्ट्याचा माथा वितळून भोंकही पडूं शकतें. ती उशिरां पडली तर जोर मरतो आणि उष्णता धुराड्यांत वाया जाते. जुने मिस्त्री प्रथम पॉइंट स्वच्छ करून त्यांतील फट सुमारें ०.४ मिलिमीटर ठेवीत; कारण फट वाढली कीं पॉइंट लवकर उघडतात व वेळ आपोआप पुढें सरकते. मग पॉइंटांत सिगारेटचा पातळ कागद धरून, प्लगच्या भोकांतून दट्ट्याची उंची मोजीत ते क्रँक हळूहळू फिरवीत. कागद सुटला तो ठिणगीचा क्षण. त्या क्षणीं दट्ट्या कारखान्यानें सांगितलेल्या अंतरावर नसेल, तर पॉइंटांची तबकडी क्रँकच्या फिरण्याच्या उलट सरकविली असतां ठिणगी आधीं पडते, व त्याच दिशेनें सरकविली असतां उशिरां.

ठिणगी साधल्यावांचून मिश्रणास हात लावूं नये, हा अनुभवाचा नियम आहे. कारण चुकलेली वेळ पेट्रोलच्या कमीजास्तीनें झांकली जाते, सुधारत नाहीं. इंजिन चांगलें तापूं द्यावें. बहुतेक जुन्या कार्ब्युरेटरांत मंद चालीचा स्क्रू हवेचा असतो. तो आंत गेला कीं हवा घटते व पेट्रोलचा भाग वाढतो. तो पावपाव फेरा फिरवीत कान द्यावा. पेट्रोल जास्त झालें तर इंजिन एकाआड एक ठोका गाळून अडखळतें; हवा जास्त झाली तर फेरे वरखालीं होऊन तें मरूं पाहतें. या दोहोंमध्यें जेथें चाल सर्वांत जलद व समान असेल तेथें थांबावें, आणि मग थ्रॉटलचा स्क्रू सैल करून गति उतरवावी. या इंजिनांत तेल पेट्रोलांतूनच येतें. म्हणून लांबचा घाट बंद थ्रॉटलनें उतरणाराचें इंजिन तहानेलें राहतें व दट्ट्या धरूं शकतो. मधूनमधून थ्रॉटल उघडावा, हें जाणते लोक सांगत आले तें उगाच नव्हे.

तथापि या यंत्राचा एक दोष कोणत्याही स्क्रूनें जाणारा नव्हता. आंत येण्याचीं व बाहेर जाण्याचीं द्वारें कांहीं काळ एकदमच उघडीं असतात. त्यामुळें न जळलेलें पेट्रोल व तेल कांहीं अंशीं तसेंच धुराड्यावाटे निसटतें. लाखों गाड्या रस्त्यावर आल्यावर हा निसटता अंश शहरांच्या श्वासांत मिसळला. २००० सालीं आपल्याकडे धुराचे नियम कडक झाले आणि रस्त्यावरील दुचाकींत चार ठोक्यांच्या इंजिनाचें राज्य स्थिर झालें. तें योग्यच झालें, असें मला वाटतें. झडपा टाकून जें सुलभपण मिळविलें, त्याची किंमत मालकानें नव्हे, तर शेजारीपाजाऱ्यांनीं भरली.

परंतु म्हणून या विद्येस कवडीमोल ठरवूं नये. आज ठिणगी व पेट्रोल यांचा हिशेब विजेचा मेंदू करतो. तो मालकास कांहीं विचारीत नाहीं आणि कांहीं शिकवीतही नाहीं. ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी प्रेमानें जपलेली आहे त्यांनीं ती अवश्य जपावी. मात्र सुटीच्या दिवशीं ती रस्त्यावर काढण्यापूर्वीं पॉइंटांची फट पाहावी, तेलाचें माप चोख ठेवावें आणि इंजिनाच्या ठोक्यांकडे घटकाभर कान द्यावा. आपल्या हौसेचा धूर दुसऱ्याच्या अंगणांत जाऊं नये, एवढी काळजी घेणें हेंही त्या विद्येचेंच अंग आहे.