उंबरठ्याच्या आत आणि बाहेर



गावात सिनेमा पाहून मंडळी घराकडे निघाली, म्हणजे खेळाचा दुसरा भाग सुरू होतो. पडद्यावरचा खेळ तीन तासांत आटोपतो; वाटेवरचा मात्र आठ-आठ दिवस चालतो. सिनेमा जत्रेच्या तंबूतला असो, तालुक्याच्या थेटरातला असो, की पुढे घरोघर आलेल्या दूरदर्शनवरचा असो, हा अनुभव सर्वांचा आहे. देवादिकांच्या चित्रपटावर फारसा वाद होत नाही. मारामारीच्या चित्रपटावर तर होतच नाही. पण लग्नाचा पुरुष किंवा लग्नाची बाई परक्या माणसाच्या प्रेमात पडली, अशी गोष्ट पडद्यावर आली की एका घरातली माणसेसुद्धा एकमताची राहत नाहीत. सासू एक म्हणते, सासरा दुसरे म्हणतो, आणि सून गप्प बसते. सुनेचे ते गप्प बसणे हेही एक मतच असते, बरे का!

या वादांचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे. त्यासाठी फार दूर जायला नको. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला; त्याआधी आपण धुळे जिल्ह्यातच होतो. त्याच जिल्ह्यातल्या शिरपूरचे नेते शिवाजीराव पाटील यांची कन्या स्मिता पाटील. १९८२ साली तिचे दोन चित्रपट लोकांपुढे आले. एक हिंदी, 'अर्थ'. दुसरा मराठी, 'उंबरठा'. पहिल्यात ती दुसऱ्या बाईचा संसार मोडणारी आहे. दुसऱ्यात तिचाच नवरा परक्या बाईकडे वळला आहे. एकाच वर्षी, एकाच मुलीने, एकाच दुःखाची दोन्ही टोके लोकांना दाखवली. खानदेशच्या माणसाला या वादात बोलण्याचा हक्क आहे, तो असा.

पण त्याआधी वीस वर्षे मागे जाऊ. १९६३ साली बी. आर. चोप्रा यांचा 'गुमराह' आला. त्यातली मीना बहिणीच्या मृत्यूनंतर तिच्या लेकरांसाठी मेहुण्याशी लग्न करते. पुढे तिचा पूर्वीचा प्रियकर परत भेटतो आणि ती चोरून त्याला भेटू लागते. चित्रपटाच्या आरंभीच सीता आणि लक्ष्मणरेषा दाखवली आहे. म्हणजे निकाल आधीच लावलेला. बाईने रेषा ओलांडली, आता संकट येणार. आणि शेवटी ती नवऱ्याच्या घरातच राहणार. प्रेक्षकांपुढे प्रश्न उरतो तो एवढाच, की तिला क्षमा करावी की नाही. कोणी म्हणेल, बिचारीने लेकरांसाठी मन मारले, तिला दोष देऊ नये. कोणी म्हणेल, लग्न ते लग्न. पण नवऱ्याने क्षमा करायची आणि बायकोने ती मागायची, ही मांडणी दोघांनाही मान्यच असते.

ही मांडणी काही एकट्या चित्रपटवाल्यांची नव्हती. देशाचा कायदाही तसाच होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतले ४९७ वे कलम पाहा. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवला, तर त्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. बाईला शिक्षा नाही. वरवर पाहता हा बाईवर मोठा उपकार दिसतो. पण जरा थांबून विचार करू. गुन्हा कोणाविरुद्ध? नवऱ्याविरुद्ध. तक्रार कोणी करायची? नवऱ्याने. नवऱ्याची संमती असली तर? मग गुन्हाच नाही. आणि लग्नाच्या पुरुषाने कुमारिकेशी किंवा विधवेशी संबंध ठेवला तर? तोही या कलमाखाली गुन्हा नाही. घरी बसलेल्या त्याच्या बायकोने तक्रार करायची म्हटली तरी तिला या कलमाचा आधार नाही. शेताच्या बांधाचा कायदा असावा, तसा हा कायदा. बांध कोरला तर मालकाने ओरडायचे. शेताला कोण विचारतो? १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम घटनेला धरून आहे, असाच निकाल दिला होता.

आता 'अर्थ'कडे येऊ. महेश भट्ट यांच्या या चित्रपटात पूजा ही अनाथ मुलगी. स्वतःचे घर असावे, ही तिची जन्माची भूक. भाड्याची जागा सोडण्याची वेळ आलेली असताना नवरा इंदर तिच्या हातात नव्या घराची किल्ली ठेवतो. पुढे तिला कळते, की हे घर कविता नावाच्या नटीच्या पैशाने आले आहे आणि नवरा त्या नटीच्या प्रेमात आहे. पूजा म्हणजे शबाना आझमी, आणि कविता म्हणजे आपली स्मिता. नवरा घर सोडतो, घटस्फोटाचे कागद येतात. शेवटी कविताही इंदरला दूर करते. तेव्हा तो पूजाकडे परततो आणि क्षमा मागतो. पूजा त्याला एवढेच विचारते, की हेच मी केले असते तर तू मला परत घेतले असतेस का? तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. आणि पूजा दार बंद करते. तिच्यावर माया करणारा एक गायक तरुण आहे; त्याच्याशीही ती लग्न करत नाही.

या शेवटावर वाद झाला नसता तरच नवल. शबाना आझमी यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे, की वितरकांना हा शेवट बदलून हवा होता. नवरा क्षमा मागतो आणि भारतीय स्त्री नाही म्हणते, हे लोकांना पटणार नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवट बदलला नाही. चित्रपट चालला, आणि त्या भूमिकेसाठी शबानाबाईंना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. लोकांच्या मनाचा अंदाज करण्यात धंदेवाईक माणसे चुकली, ती अशी.

'अर्थ' पाहिलेली मंडळी आजही भेटतात, आणि त्यांची मते ऐकण्यासारखी असतात. पहिले मत ज्येष्ठांचे: "सकाळचा भुलला संध्याकाळी घरी आला, तर त्याला पदरात घ्यावे. घर तोडणे सोपे असते." हे मत हसण्यावारी नेऊ नका. ज्या बाईला माहेरचा आधार नाही, नावावर बिघाभर जमीन नाही, तिने दार बंद करून जायचे कुठे, ही काळजी त्यात आहे. दुसरे मत तरुणांचे: "नवऱ्याला नाकारले ते ठीक, पण त्या गायकाने काय पाप केले होते? त्याच्याशी लग्न करायला हवे होते." म्हणजे एका घरातून निघालेल्या बाईला दुसऱ्या घरात पोचवल्याखेरीज आपल्या जिवाला स्वस्थता नाही! तिसरे मत कवितेविषयी. बहुतेक सारा राग तिच्यावर निघतो. इंदर भुलला आणि कवितेने भुलवले, असे म्हणण्याची सवय जिभेला लागलेली. आता, भूल पडायला दोघे लागतात, हे काय सांगायला हवे? स्मिताने ही कविता रंगवली आहे ती मनाने पिचलेली, पूजाच्या सावलीलाही भिणारी. तिच्याकडे पाहताना राग पुरता टिकत नाही.

चौथे मत बायकांचे, आणि ते पूजाबद्दलही नाही, कवितेबद्दलही नाही. ते पूजाच्या मोलकरणीबद्दल आहे. रोहिणी हट्टंगडी यांनी केलेली ही बाई लेकीच्या शाळाप्रवेशासाठी पैसे साठवते. नवरा ते पैसे उचलून दुसऱ्या बाईवर उडवतो, आणि ती त्याचा जीव घेते. खून तो खूनच. त्याचे समर्थन कोणी करू नये. पण ती तुरुंगात गेल्यावर तिच्या लेकीला पूजा जवळ करते, तिथे शहरातल्या मालकिणीचे आणि मोलकरणीचे दुःख एक होते. डब्यात लपवलेल्या पैशांचे मोल जिला ठाऊक आहे, ती बाई या ठिकाणी अहिराणीत हळूच विचारते, "तिनं काय चुकनं?"

'उंबरठा'च्या वेळी मात्र हेच पारडे फिरते. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेला हा चित्रपट. त्यातली सुलभा शिकलेली. नवरा, मुलगी, भरले घर मागे ठेवून ती महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून दूर गावी जाते. तिथल्या गैरकारभाराशी झगडून, थकून घरी परतते, तेव्हा कळते की नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. सुलभा पुन्हा घराबाहेर पडते. पूजासाठी हळहळणारा प्रेक्षक इथे म्हणतो, "हिने घर सोडलेच कशाला? मग नवऱ्याने तरी काय करावे?" बरे, आता उलट प्रश्न विचारून पाहू. आपल्याकडचे किती पुरुष ऊसतोडीला, सुरतेच्या कामाला महिनेन्‌महिने घराबाहेर असतात? त्यांच्या माघारी बायकोने दुसरा माणूस जोडला, तर "तिने तरी काय करावे?" असे कोणी म्हणेल काय?

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. सातपुड्यात भिल्ल, पावरा समाजांत लग्नाला देज असते, आणि भांडण पंचांपुढे जाते. बाई पहिला नवरा सोडून दुसऱ्याकडे गेली, तर पंच बसतात, देजाचा आणि दंडाचा हिशेब होतो, आणि तंटा मिटतो. तिच्या कपाळावर जन्माचा कलंक लागत नाही. ती नव्याने संसार मांडते. सपाटीवरच्या शहाण्यासुरत्या समाजाने यातून शिकण्यासारखे आहे. पण एक गोष्ट इथेही नजरेआड करू नये. पैशाचा हिशेब होतो तो पुरुषा-पुरुषांत. बाईच्या मनाला काय लागले, त्याचा हिशेब त्यात नाही.

म्हणजे पाहा, दंडसंहिता विचारत होती, "बायको कोणाची?" पंच विचारतात, "देज कोणाचे?" आणि चित्रपटातली पूजा विचारते, "माझ्या जागी तू असतास तर?" पहिले दोन प्रश्न मालकीचे आहेत. तिसरा न्यायाचा आहे.

त्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळायला वेळ लागला. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ४९७ वे कलम रद्द केले. पत्नी ही पतीची मालमत्ता नव्हे, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम परत आलेले नाही. याचा अर्थ व्यभिचाराला मोकळीक मिळाली, असा कोणी करू नये. हिंदू विवाह कायद्यात ते आजही घटस्फोटाचे कारण आहे, नवऱ्यालाही आणि बायकोलाही, सारखेच. शब्द मोडणे ते मोडणेच. फक्त आता तराजू दोघांना एक आहे, निदान कागदावर तरी.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. वरच्या वर्गात किंवा पालकसभेत अशा गोष्टीवर वाद निघाला, तर तो दाबू नका. कोण चूक, कोण बरोबर, याचा निकालही घाईने देऊ नका. एवढेच सांगा, की ज्याने जे मत दिले, त्याने गोष्टीतल्या पुरुषाच्या जागी बाई आणि बाईच्या जागी पुरुष ठेवून तेच मत पुन्हा द्यावे. टिकले तर ते मत; न टिकले तर ती नुसती सवय.

स्मिता १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली. तिच्या कवितेवर आपण रागावलो आणि तिच्या सुलभेवरही रागावलो. एकीने दुसरीचा उंबरठा ओलांडला म्हणून, दुसरीने स्वतःचा ओलांडला म्हणून. त्या दोन्ही उंबरठ्यांच्या आतबाहेर खुशाल ये-जा करणाऱ्या पुरुषावर आपण कितीसे रागावलो, हे आज रात्री जेवताना आपापल्या घरी एकदा विचारून पाहावे. आणि सून गप्प बसली, तर तिलाही विचारावे.