माळावरची पोरे

तासगाव हे उंबरठ्यावरचे गाव. पश्चिमेला कृष्णाकाठची काळी जमीन आणि ऊस. पूर्वेला सावळजच्या अंगाने सुरू होणारा मुरमाड माळ, जो पुढे जत-आटपाडीच्या दुष्काळी मुलखाला जाऊन भिडतो. १९४९ पर्यंत तासगाव तालुका साताऱ्यात होता, मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या उंबरठ्यावर उभे राहून एका मुलाचा माग काढावा, असे फार दिवस मनात होते. हा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा. भुकेशी, बापाशी, गावाशी झुंजत तो मोठा होतो. मराठी पुस्तकात तो आला कुठून? इंग्रजीत त्याचे घराणे चटकन सांगता येते: १७१९ चा रॉबिन्सन क्रूसो, १८८३ चे ‘ट्रेझर आयलंड’, १९५४ चे ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’. गलबत, बेट आणि समुद्र. आमच्या माळावरच्या पोराला समुद्र ठाऊक नव्हता. त्याची सारी धडपड शाळेपर्यंत पोचण्याची होती.

आपण थोडे मागे जाऊ. १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बालमित्र’ मुंबईत छापले गेले. मूळ पुस्तक आर्नो बेर्कें या फ्रेंच लेखकाचे; ते इंग्रजीत गेले आणि इंग्रजीतून मराठीत आले. म्हणजे मराठी मुलाच्या हाती पडलेले हे आरंभीचे पुस्तक दोन भाषा ओलांडून आले होते, आणि त्यातली मुले सालस, सुखवस्तू होती. पुढे १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मासिक निघाले, १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ आले. या मंडळींनी मुलांसाठी सोपी, नितळ मराठी घडवली. तो उपकार मोठा आहे. पण उपाशी पोटी शाळेत बसणारा मुलगा तिथे मला कुठे भेटला नाही.

तो येतो औंधच्या वाटेने. खटाव तालुक्यातले हे औंध एका चिमुकल्या संस्थानाची राजधानी होते आणि संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता: आटपाडी त्यातच, तासगावच्या शेजारचे कुंडलही त्यातच. १९०९ पासून गादीवर असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींना सूर्यनमस्कार, चित्रकला आणि शाळा या तीन गोष्टींचा ध्यास. गरिबाच्या पोराला तिथे शिकता येते, असे ऐकून कोकणातल्या पालगडचा एक मुलगा औंधला आला, हाताने स्वयंपाक करून, कित्येकदा अर्धपोटी राहून शिकला, आणि प्लेगने त्याला तिथूनही उठवले. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली; ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. औंधचे हालाचे दिवस मात्र ‘धडपडणारा श्याम’ या पुस्तकात आहेत. आईच्या पदराखालचा श्याम घरोघर पोचला, परक्या गावात एकट्याने भाकरी थापणारा श्याम मागे राहिला. मला वाटते, मराठीतल्या या घराण्याचा मूळपुरुष हा दुसरा श्याम आहे.

मग १९४२ साल उजाडले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि तिरंगा चढला; सहा दिवसांनी वडूजला आणि सातव्या दिवशी इस्लामपुरात गोळ्या चालल्या. पुढे कुंडलच्या आसऱ्याने इंग्रजांच्या राज्याला समांतर असे प्रतिसरकार उभे राहिले. त्या वर्षी माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर पंधरा वर्षांचे होते, आणि तेही या स्वातंत्र्यचळवळीत ओढले गेले. ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिचा नायक मास्तर आहे खरा, पण वयाने कोवळा पोरच. पहिल्या नेमणुकीवर मेंढक्यांच्या वाडीत येतो तर शाळेत मुले नाहीत, ती मेंढरांमागे माळावर. कारभाऱ्याच्या मनात शिरायचे, पोरे जमवायची, भांडणे मिटवायची, गावाच्या अंगमेहनतीने तालीम उभी करायची, हे सारे तो शिकत जातो. आणि मग पाऊस दडी मारतो. मेंढरे मरतात, माणसे परागंदा होतात, वाडी ओस पडते. खलनायक कोणी नाही. ढग तेवढे येत नाहीत. इतक्या थोड्या शब्दांत पोराचा पुरुष होताना मी दुसरीकडे क्वचित पाहिला आहे.

इकडे वारणेच्या खोऱ्यात वाटेगावला १९२० मध्ये अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांची शाळा दीड दिवसाची, असे सगळे सांगतात. त्यांचा ‘फकिरा’ १९५९ चा. बापाच्या मृत्यूचे ओझे घेऊन वाढलेला हा मांगाचा पोर दुष्काळात आपल्या माणसांना जगवण्यासाठी धान्य लुटतो. शाळेकडे पाठ असलेली ही एकच शाखा, आणि पोरांना ती सर्वांत आवडते.

यानंतर पोराने स्वतःच लेखणी उचलली. आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१ चे. तराळकी करणाऱ्या बापाचा हा मुलगा आटपाडी आणि औंधला शिकून पुढे कुलगुरू झाला. फलटण तालुक्यातल्या सोमंथळीच्या लक्ष्मण मान्यांचा ‘उपरा’ १९८० मध्ये आला. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड, हातात टोपल्यांसाठी फोक, आणि कैकाड्याने पोर शाळेत घातले म्हणून जातपंचायतीचा रोष. कागलच्या आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ ची. तिथे शाळेच्या आड खुद्द बापच उभा. समीक्षकांनी या पुस्तकांना दलित आत्मकथन, ग्रामीण साहित्य असे वेगवेगळे कप्पे दिले. त्यात त्या पोराचे वय हरवले. पण चौदा वर्षांचा वाचक कप्पे जाणत नाही. शाळेच्या पेटीतून तो ‘बनगरवाडी’ उचलतो आणि लगेच ‘फकिरा’ मागतो. मुलांसाठी म्हणून न लिहिलेली ही पुस्तके मुलांनी आपली करून घेतली.

मुद्दाम मुलांसाठी लिहिणारेही होतेच. भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये मासिक काढले, त्याचे नाव पुन्हा ‘बालमित्र’. सव्वाशे वर्षांनी छत्र्यांचे नाव नव्या हातात आले. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भागवतांनी मग फुरसुंगीचा बनेश फेणे घडवला. तो सायकलवर टांग मारून प्रतापगडापर्यंत संकटे अंगावर घेत हिंडला आणि पोरांना धाडसाचा निखळ आनंद देऊन गेला.

आता कराडला थांबू, कारण तिथे काही विलक्षण घडले. भूशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक प्रकाश नारायण संत या नावाने लंपन नावाच्या मुलाच्या कथा लिहीत होते. ‘वनवास’ १९९४ मध्ये आले, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपनच्या अंगावर ना दुष्काळ आहे ना दरोडा. तरी त्याच्या मनातली उलथापालथ तितकीच जीवघेणी आहे. शेवटाला येतो वडिलांचा मृत्यू. संत स्वतः नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले होते. ते लिहायला त्यांना उभे आयुष्य लागले, आणि २००३ मध्ये अपघाताने तेही गेले. पुढच्याच वर्षी मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आली, आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची.

गेल्या मार्चमध्ये सावळजच्या रस्त्याला एका बेदाण्याच्या शेडवर गेलो होतो. हिरव्या जाळीआडून ऊन गाळून येत होते, डिपिंग ऑइलचा वास भरला होता, द्राक्षे रॅकवर पसरलेली. खाली पोत्यावर बसून एक मुलगा ‘झोंबी’ वाचत होता. मुखपृष्ठ गेलेले, पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का. परीक्षा तोंडावर होती, पण बापाने राखणीला बसवले होते. कुठपर्यंत आलास, म्हणून विचारले. ‘घरातनं पळून गेलाय,’ तो मान वर न करता म्हणाला, ‘फुडचं सांगू नका.’ तेवढ्यात बाहेरून हाक आली, द्राक्षाचा ट्रॅक्टर आला होता. त्याने पानात द्राक्षाचा एक वाळका देठ खुणेला घातला आणि क्रेट उतरवायला धावला.